घराच्या कागदावरचं नाव

मागच्या घराची चावी तीस वर्षं माझ्या करदोड्याला होती. आंघोळीला बसतानाही काढत नव्हतो. आता ती तिथं नाही. मी ती दिली की माझ्याकडून घेतली गेली, ह्याचा निकाल मला अजून लावता येत नाही. दुसऱ्यांचे निकाल लावण्यात माझी हयात गेली, म्हणून हे जास्तच टोचतं. माझी शाळा चौथीपर्यंतची, तीही पुरी नाही. तेव्हा अक्षराला कुणी हसू नये, आणि असं लिही तसं लिही म्हणून शिकवायलाही येऊ नये.

आमचं गाव लोहारा तालुक्यात, सास्तूरपासून लांब नाही. भूकंपानंतर सगळं गाव उचलून माळावर आणलं. रस्ते सरळ, घरं एकसारखी. नवा पाव्हणा अजून नंबर वाचत फिरतो. आम्हाला दोन घरं मिळाली, एक वडिलांच्या नावानं, एक माझ्या, दोन्ही एकमेकांना लागून, मागच्याचं दार बाजूनं, आमच्या ओट्यावरून दिसेल असं. आम्ही स्वतः अजून पुढं पत्रा टाकून त्याच्याखाली झोपतो. स्लॅबखाली म्हातारीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, डोळा लागत नाही. वडील गेल्यावर त्यांच्या घरात, म्हणजे मागच्या घरात, कडबा आणि पेंडीची पोती पडली. पण त्याचं दार मी बदलून घेतलं होतं. जुन्या गावाच्या ढिगाऱ्यातून आमच्या आज्याचं सागवानी दार सहीसलामत निघालं होतं, ते बसवलं. अख्ख्या वसाहतीत तसं दार दुसरं नाही.

दोन वर्षांमागं, ज्वारीची सुगी उरकल्यावर, एक ताई स्कूटीवरून आल्या. मागं एक बाई, दोघींच्या मधे आठ-नऊ वर्षांची पोरगी. ह्या ताईंचं काम मला आधी ठाऊक नव्हतं. नवऱ्याच्या मारापायी घर सोडलेल्या बायांना जागा बघून द्यायची, पोरांची शाळा लावायची, कोर्टात सोबत जायचं, असं ते काम.

"काका, तुमचं मागचं घर रिकामं आहे म्हणतात."

"रिकामं कुठलं? कडबा हाय की त्यात."

"कडबा भाडं देतो व्हय?" म्हातारी आतून म्हणाली.

मी तिकडं लक्ष दिलं नाही. "बाईचा मालक कुठाय?" म्हणून विचारलं.

ताई म्हणाल्या, "तुमच्या आधी गावात चार दारांनी हेच विचारलं, काका. तुम्ही पाचवे."

"मग आमच्या गावाला अक्कल हाय म्हणायची."

ताई हसल्या. ती बाई हसली नाही. ती माझं दार बघत होती. मला वाटलं, सागवान बघती हाय. पण तिनं पल्ला आत लोटला, मागच्या बाजूनं हात फिरवला आणि म्हणाली, "मामा, ह्याला आतनं कडी न्हाय."

"आमच्या गावात चोऱ्या व्हत न्हाईत, बाई."

"चोराचं न्हाय इचारलं म्या. बसवून घेऊ का? कडी मी आणते."

"माझ्या आज्याच्या दाराला भोकं पाडायची न्हाईत," मी म्हणालो. "बाहेरनं कडीकोयंडा हाय, कुलूप हाय. एक चावी तुला, एक माझ्याकडं. बास."

तिनं चावी घेतली. पुढं कळलं, दार लावलं की ती आतून ज्वारीचं पोतं सरकवून ठेवायची. मी ते म्हातारीच्या तोंडून ऐकलं आणि हसलो. आपल्याच घरात पोत्याचा पहारा!

आता माझ्याबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी तंटामुक्तीच्या कमिटीत होतो. त्याच्या आधीपासून भावकीत कुणाची लेक सासरहून निघून आली की बैठकीला मला बोलावणं असायचं. फेटा बांधून जायचो. दोन्हीकडचं ऐकायचो, जावयाला चार शब्द सुनवायचो, पोरीला चार समजुतीचे सांगायचो, आणि चोळी-नारळ देऊन नांदायला धाडायचो. लोक म्हणायचे, ह्यांचा शब्द खाली पडत नाही. धाडलेल्यांतल्या परत किती आल्या हे मी बघितलं नाही. दुसऱ्यांदा आली तर तिचे आई-बाप मला बोलवायलाच लाजायचे, मग मला कळणार कसं?

पोरीच्या शाळेला आणि गॅसला पत्त्याचा कागद लागत होता. ताईंना त्या दिवशी दुसऱ्या कुणा बाईच्या तारखेला धाराशिवला जायचं होतं, म्हणून लोहाऱ्याला एसटीनं मी आणि ती दोघंच गेलो. ती चार सीटा मागं बसली. मीच तसं सांगितलं होतं, लोक बघतात म्हणून.

टाइप करणाऱ्यानं विचारलं, "आजोबा, भाडेकरूचं नाव?"

तिनं आपलं नाव सांगितलं. मी हात वर केला. "थांबा. घरधन्याचं नाव घाला. हिचं खाली, त्याची बायको म्हणून."

"मामा, माझंच लिवा की. ऱ्हाणार मी हाय."

"ऱ्हा की! कोण नगं म्हणतंय? त्याचं नाव घातल्यानं तो काय कागदातनं उठून बाहेर येतोय व्हय?"

टाइप करणारा खो खो हसला. मलाही माझा शब्द आवडला. तिनं ताईंना फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. मग तिनं माझ्याकडं बघितलं, बाहेर स्टँडकडं बघितलं, आणि नवऱ्याच्या नावापुढं आपली सही केली.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. आमच्याकडं पिठाच्या गिरणीत रांगेला डबे लावतात, त्या डब्यांवरसुद्धा घरधन्याचं नाव रंगवलेलं असतं. दळण बाईच आणते, बाईच नेते, पण डबा त्याचा. मला वाटलं, नावाच्या आडोशाला ही बाई गावात नीट राहील. कुणी वाकडं बोलणार नाही. मी तिच्यावर मेहरबानी करतोय, असंच मला वाटत होतं.

ती राहायला आली आणि तिनं कडक भाकरीचं काम धरलं. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजायची, मग वाळवून पापडासारखी कडकडीत करायची. उमरग्याचा एक दुकानदार येऊन गठ्ठे घेऊन जायचा. तांबडं फुटायच्या सुमाराला भिंतीपलीकडून थाप सुरू व्हायची. आधी मला त्रास वाटला. मग सवय झाली. मग अशी सवय झाली की थाप सुरू झाल्याबिगर मी अंथरूण सोडेना. पोरगी आईला अव्वा म्हणून हाका मारायची, मुरुमच्या पलीकडं कर्नाटकाच्या कडेला म्हणतात तसं. म्हातारी दुपारी तिकडं जाऊन बसू लागली. कधी नव्हे ते घरातून हसण्याचा आवाज यायचा, आणि मी ओट्यावर एकटा. गिरणीत तिचा डबा मी बघितला. त्यावर तिनं खिळ्यानं कोरून स्वतःचं नाव घातलं होतं. सगळ्या रांगेत बाईच्या नावाचा तो एकच डबा. मी गिरणीवाल्याला म्हणालो, "काय काय बघायला लागतंय बघ."

ताईंनी निक्षून सांगितलं होतं, ही इथं राहते हे कुणाला सांगायचं नाही. पण ताई पोरसवदा. मिटवायची रीत त्यांना कुठली माहीत, असं माझं मत. आणि माझ्या डोक्यात दुसरंच फिरत होतं. कागदावर ज्याचं नाव, त्यालाच खबर नाही, हा कुठला न्याय? मुरुमच्या बाजारात बैल बघायला गेलो होतो, तिथं तिच्या सासरच्या गावचा एक जुना ओळखीचा भेटला. त्याच्याकडं मी निरोप दिला. "त्याला म्हणावं, बायको-लेक माझ्याकडं सुखरूप हाय. घर त्याच्याच नावानं हाय. ये म्हणावं, बसून मिटवू."

तिचा नवरा चौथ्या दिवशी आला. दुपारची वेळ, पोरगी शाळेत, ती गिरणीला गेलेली. पांढरा शर्ट, हातात तुळजापूरच्या पेढ्यांचा पुडा. ओट्यावर चढून आधी माझे पाय धरले. म्हातारीचे धरायला गेला तर ती आत निघून गेली.

मी फेटा मागवला. बांधला. त्याला समोर बसवून जे सुनवायचं ते सुनवलं. बाईवर हात टाकणं मर्दाचं काम नाही, दारू असली तर सोड, लेक शिकती हाय. तो मान खाली घालून "चुकलं मामा, चुकलं" म्हणत राहिला. डोळ्यांत पाणी आणलं. मी कागद काढून दाखवला. "बघ, तुझी इज्जत म्या राखलीय. नाव तुझंच हाय." त्यानं फोन काढून कागदाचा फोटो घेतला. मला वाटलं, आठवण म्हणून घेतोय.

मग मी करदोड्याची चावी सोडवून मागच्या घराचं कुलूप काढलं आणि त्याला आत बसवलं. म्हणालो, "बस. आता येईल ती."

ती आली. डोक्यावर पिठाचा डबा. दाराला कुलूप नाही हे तिनं लांबूनच बघितलं आणि जागीच थांबली.

"मामा, कुलूप कुणी काढलं?"

"आत जा की. बघ तर कोण आलंय!" मी हसत म्हणालो. हसत. ते हसू मला आठवतं.

तिनं डबा डोक्यावरून उतरवला आणि ओट्याच्या कडेला ठेवला. लई हळू ठेवला. आत गेली नाही, मागंही फिरली नाही. नुसतं विचारलं, "तुमी बोलवलं?"

"तुझ्या भल्यासाठी."

तिनं पदरानं तोंड पुसलं. पीठ होतं त्यावर. मग शाळेच्या रस्त्याकडं बघितलं, शाळा सुटायला किती वेळ आहे ते बघावं तसं. आणि आत गेली.

चार दिवस बरे गेले. मी गावात सांगत फिरलो, मिटलं म्हणून. पाचव्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला. थापेचा नव्हता.

म्हातारी म्हणाली, "ऐकू येतंय का?"

"नवरा-बायकोचं हाय. आपुन मधी..."

"माझ्या कानाला ऐकू येतंय. तुमचा कान कुठं गेला?"

गेलो. दारावर काठी आपटली. माझ्या आज्याच्या दारावर. आतून तो म्हणाला, "मामा, घर कुणाच्या नावानं हाय?"

"अरं, पण..."

"माझ्या नावानं हाय न्हवं? कागद तुमीच दावला. मग तुमी कोण? जावा, ओट्यावर बसा."

आणि मी जाऊन ओट्यावर बसलो. हे लिहिताना हात थांबतो, पण झालं ते असंच झालं. ज्याचा शब्द खाली पडत नव्हता तो माणूस परत येऊन आपल्या ओट्यावर बसला. मला राग आला होता, पण कुणाचा आला होता ते कळत नव्हतं. त्याचा होता, तिचाही थोडा होता, ह्या सगळ्यात मला आणलं म्हणून. म्हातारीचा होता, ती बघत होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटलं तेव्हा थाप आली, पण ती तिची थाप नव्हती. एक पडायची, मग खंड, मग एक. भाकरी एका हातानं थापायची आणि दुसऱ्या हातानं कड धरून फिरवायची असते. फिरवणारा हात चालत नव्हता. उमरग्याचा गठ्ठा मात्र द्यायचा होता. म्हातारी हळद तेलात गरम करून घेऊन गेली, तिला त्यानं दारातून परत पाठवलं. पण तिनं बघायचं ते बघितलं होतं. तशीच घरी आली. डाळीच्या डब्यातून एक चिठ्ठी काढली, त्यावर ताईंचा नंबर होता. माझ्या फोनवरून, माझ्यासमोर, तिनं फोन लावला.

ताई आल्या, सोबत एक हवालदार. नवऱ्यानं कागदाचा फोटो पुढं केला. हवालदार वाचून म्हणाला, "म्याडम, नाव तर ह्याचंच आहे. ह्याला बाहेर काढायचं म्हणजे कोर्टाचा हुकूम लागेल." ताईंनी कागद माझ्याकडून मागून घेतला आणि वाचला. मग वर बघितलं. मला वाटलं, आता ओरडणार. ओरडल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं.

पोरीला शाळेतून घेऊन दोघी मायलेकी स्कूटीवर बसून गेल्या. तिचा हात गळ्यात बांधलेला. दप्तर पोरीच्या पोटाशी. आणि तो आत. तिचा गॅस, तिचं पीठ, तिचा तवा, आणि तो. जिनं घर घेतलं ती गावाबाहेर, आणि ज्यानं भाड्याचा विचारसुद्धा कधी केला नाही तो कागदाचा मालक.

आठवड्यानं ताई एकट्या आल्या.

"काका, तिला हेच घर पाहिजे."

"दुसरं बघा की. गावं काय कमी हाईत?"

"किती बघू? प्रत्येक ठिकाणी नव्यानं दारं हिंडायची, प्रत्येक ठिकाणी मालक कुठाय. पोरीची शाळा लागलीय, भाकरीचं गिऱ्हाईक बांधलंय. ती म्हणती, मी का जाऊ, तो जाईल. कोर्टात अर्ज केलाय. पण तुम्ही सांगितलं तरच होईल."

"काय सांगायचं?"

"घर तिनं घेतलं, भाडं तिनं दिलं, नाव तुम्ही घालायला लावलं."

"म्हणजे माझी चूक झाली म्हणून कोर्टात लिहून द्यायचं? ह्या वयात?"

"चूक म्हणू नका. घडलं ते सांगा."

मी नाही म्हणालो. माझी गवाही म्हणजे गावात तमाशा. ज्यानं इतक्यांचं मिटवलं त्यानंच घोळ घातला, असं पारावर बोलतील. ताई गेल्या. म्हातारी भाकरी वाढायची आणि उठून जायची. दोन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी ताट सरकवताना म्हणाली, "वन्संचं नाव बी तुमीच काढलं व्हतं."

वन्सं म्हणजे माझी बहीण. तिची गोष्ट आमच्या घरात निघत नाही. तीस वर्षांत म्हातारीनं ती पहिल्यांदा काढली.

माझी बहीण भूकंपाच्या आधी सासरहून आली होती. दोनदा आली, दोनदा मी परत धाडली. तिसऱ्यांदा आली तेव्हा वडील म्हणाले, राहू दे. गोठ्याला लागून एक पत्र्याची खोली होती, तिथं ती वर्षभर राहिली. पत्रा होता म्हणूनच भूकंपात वाचली. पुढं घरांची यादी करायला कारकून आला. बाभळीखाली खुर्ची टाकून, मांडीवर रजिस्टर. वडिलांच्या पायाला लागलं होतं, म्हणून मीच सांगत होतो. ह्या घराचा घरधनी कोण, त्या घराचा घरधनी कोण. पत्र्याच्या खोलीपाशी बोट आलं तेव्हा त्यानं विचारलं, "इथं कोण राहतं?"

मी म्हणालो, "बहीण हाय. पण तिचं घर तिकडं, नवऱ्याकडं."

त्यानं पुढचं पान उलटलं. ती मागं घागर घेऊन उभी होती. काही बोलली नाही. मला वाटलं, बोलायला काय आहे, खरंच तर आहे. नव्या गावात घरं वाटली तेव्हा तिला जागा नव्हती. ती सासरी गेली. पुढं तिथंच राहिली, तिथंच गेली. पंचमीला मी आणायला जायचो, ती पोळी वाढायची, पण नव्या गावात राहायला एकदाही आली नाही. चांगली नांदली, असं मी सगळ्यांना सांगत आलो. चांगली नांदली का? मी कधी विचारलं नाही. तिनं कधी सांगितलं नाही. आता विचारू कुणाला?

तारखेला मी गेलो. फेटा बांधू की टोपी घालू, हेच ठरेना. शेवटी टोपी घातली. ती बाई बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली होती, मधे ताई. तो समोर, पांढरा शर्ट तोच. माझ्याकडं बघून हसला. "या मामा. तुमीच बोलवलं, तुमीच हाकलायला आला व्हय?" मी टोपी सारखी करून बाकड्यावर बसलो.

जज्ज म्हणजे एक तरणी बाई होत्या. माझ्या नातीच्या वयाच्या. प्रश्न मी विचारायचे आणि लोकांनी उत्तरं द्यायची, अशी मला सवय. इथं उलटं.

"घर कोणी भाड्यानं घेतलं?"

"ह्या बाईनं."

"मग नाव ह्यांचं का घातलं?"

"म्या घालायला लावलं."

"का?"

"रीत हाय."

"कोणाची?"

मी तोंड उघडलं. आमच्या गावाची म्हणावं तर गावानं मला सांगितलं नव्हतं. कायद्याची म्हणावं तर त्या कायदा घेऊनच बसल्या होत्या. माझी म्हणावं, तर ते लाज आणणारं. गिरणीतले डबे आठवले. ते काय सांगायचे?

आणि मग मी न विचारलेलंच बोलून गेलो. "माझ्या बहिणीच्या टायमाला बी म्या असंच केलं व्हतं. यादीत तिचं नाव घालू दिलं न्हाय. ती खोलीत ऱ्हात व्हती. ती तिथंच उभी व्हती."

लिहून घेणाऱ्यानं विचारलं, "हे घेऊ का म्याडम?"

त्यांनी अर्जाचं पान उलटून बघितलं. मग म्हणाल्या, "ते ह्या अर्जात येत नाही. घेऊ नका."

म्हणून ते तिथं लिहिलं गेलं नाही. म्हणून इथं लिहितोय.

हुकूम झाला. घर तिनं सोडायचं नाही, त्यानं सोडायचं, आणि तिच्या वाटेला यायचं नाही. पोलीस आले तेव्हा त्यानं पिशवी भरली, आणि जाताना माझ्या ओट्यासमोर थुंकून गेला. नवा कागद झाला, त्यात तिचं एकटीचं नाव. ह्या वेळी टाइप करणाऱ्याजवळ ताई बसल्या होत्या, मी दाराशी.

मला वाटलं, आता ती येईल, पाया पडेल, मी "असू दे" म्हणेन, आणि मिटेल. मी मनात शब्दही तयार ठेवले होते.

ती आली ती सुताराला घेऊन. सोबत पिशवीत एक जाड लोखंडी कडी, तळहाताएवढी. मला विचारलं नाही. सुतारानं विचारलं, "मामा, पाडू ना भोकं? सागवान हाय म्हणून म्हटलं." तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "पाड." सहा भोकं पडली. भुसा खाली पडला, लाल लाल. आज्याचं दार ते. मी बघत उभा राहिलो.

सुतार गेल्यावर ती म्हणाली, "मामा, चावी."

"कुठली?"

"तुमच्याकडची."

"घर माझं हाय."

"घर तुमचंच हाय," ती म्हणाली. "चावी द्या."

आवाज चढवला नाही. डोळ्यांत पाणी नव्हतं. मी म्हातारीकडं बघितलं, ती तांदूळ निवडत बसली होती, आणि मान वर करेना. मी म्हणालो, आता कुणाला देतोय मी चावी, माझा शब्द घे की. ती म्हणाली, "शब्द ठिवा तुमच्यापाशी. चावी द्या."

भावकीतल्या कुणा बाईनं मला असं तोंडावर म्हटलं असतं तर मी बैठकीतून उठून गेलो असतो. पण बैठक नव्हती, आणि उठून जायला जागाही नव्हती. आतल्या खोलीत गेलो. करदोड्याची गाठ घामानं दगडासारखी झाली होती, सुटेना. मग विळ्यानं दोरा कापला आणि चावी तिच्या हातावर ठेवली. त्या हाताचं मनगट अजून थोडं जाड दिसत होतं. तिनं चावी बघितली, मूठ मिटली आणि आत गेली. दार लागलं. मग आतून कडी सरकली. लोखंड सागवानात बसल्याचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मी बाहेर. माझ्याच घराच्या.

तिनं मला माफ केलं का, मला माहीत नाही. मामा म्हणते, दिवाळीला फराळ पाठवते, पण माझ्या हाती देत नाही, म्हातारीच्या हाती देते. पोरगी मात्र माझ्याकडून पाढे म्हणून घेते, मला सतराच्या पुढं येत नाहीत ह्याची तिला मजा वाटते. गावात कुणाची लेक निघून आली की अजून एखादा बोलवायला येतो. मी पायाचं दुखणं सांगतो. काय सांगायचं तिथं जाऊन? नांद म्हणू? नको नांदू म्हणू? मग राहा कुठं म्हणू?

थाप पुन्हा दोन्ही हातांची झालीय. पण आता मी तिच्या आधीच उठतो. ती पाण्याला, गिरणीला बाहेर पडते, परत येते, दार लावते. दिवसाढवळ्याही आतून कडी लावते. पहिल्यांदा मला त्या आवाजाचा राग यायचा. आमच्यावर भरवसा नाही म्हणून. आता असं झालंय की ती आत गेली आणि कडीचा आवाज आला नाही, तर मी ओट्यावरून हाक मारतो, "कडी लाव गं." आतून कधी "व्हय" येतं, कधी येत नाही, नुसती कडी सरकते. मग माझा हात आपसूक कमरेला जातो, चावी बघायला. हे मी तिच्या काळजीपोटी करतो, की घर अजून माझंच आहे म्हणून करतो, ते मला सांगता येत नाही.